पांझरेकाठच्या नववीचा मानवी भूगोल : वर्षभराच्या नोंदी

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातली, पांझरा नदीकाठची एक माध्यमिक शाळा. नववीचा पट चाळिशीच्या आसपास. काही मुलं गावातली, काही भिलाटीतली, म्हणजे भिल्ल वस्तीतली, काही पश्चिमेकडच्या पाड्यांवरून एसटीने येणारी. मानवी भूगोल पुस्तकाऐवजी गावापासून सुरू करायचा ठरवला, तेव्हापासूनच्या या नोंदी आहेत. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर कुठे वेळ जातो आणि पैसा कशाला लागतो, हे आधीच कळावं म्हणून लिहून ठेवतो आहे.

१८ जून

पहिलं काम पाठांचा क्रम बदलण्याचं. नववीच्या पुस्तकात बारा पाठ आहेत. वितरणाचे नकाशे झाले की अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रिया, वृष्टी, सागरजल, वाररेषा. माणूस यायला आठवा पाठ उजाडतो. अर्थशास्त्राशी परिचय, व्यापार, नागरीकरण, वाहतूक, पर्यटन हे सगळं क्रमाने गेलं तर दिवाळीनंतर येतं. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतात. खेड्यातून शहरात माणसं का जातात, हे फळ्यावर लिहायची वेळ येते तेव्हा जी मुलं स्वतः गाव सोडून गेलेली असतात तीच वर्गात नसतात. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचा आधार तरी असतो. नववीत तोही सुटतो आणि एकदा गेलेलं मूल परत येईलच याची खात्री राहत नाही.

म्हणून वितरणाचे नकाशे आधी, लगेच माणसांचे पाठ, आणि भूरूपं-सागरजल दिवाळीनंतर असा क्रम लावला. मुख्याध्यापकांना परीक्षेची काळजी होती. नववीची प्रश्नपत्रिका शाळाच काढते, त्यामुळे प्रथम सत्राचा अभ्यासक्रम आम्हाला बदलता आला. दहावीला मात्र याच्या वाटेला जाऊ नये. दहावीच्या पुस्तकात क्षेत्रभेट पहिलाच पाठ आहे, तो नीट केला तरी पुष्कळ.

२५ जून

गावाचा नकाशा मिळवण्यात आठवडा गेला. महसूल खात्याच्या गावनकाशात गट नंबर आहेत, शिवार आहे, ओढे आहेत. गावठाणाच्या जागी मात्र मोकळी जागा. घरं, गल्ल्या काहीच नाही. शेताचे पाठ शिकवायला तो उत्तम, वस्तीच्या पाठाला निरुपयोगी.

मग उपग्रहचित्राची ए-थ्री आकाराची छपाई तालुक्याच्या गावातून करून आणली. झाडांच्या सावल्यांत गल्ल्या बुडाल्या होत्या आणि मातीच्या सपाट छपराच्या, म्हणजे धाब्याच्या, घरांचा रंग मातीत मिसळून गेला होता. मुलांना चित्रात स्वतःचं घर सापडेना. शेवटी खिडकीच्या काचेवर चित्र लावून, वर ट्रेसिंग पेपर धरून फक्त पाच गोष्टी उतरवल्या : नदी, महामार्ग, शाळा, मंदिराचा पार, पाण्याची टाकी. बाकीचं सगळं मुलांनी गावात फिरून भरायचं.

अंतर पावलांनी मोजलं. आधी मैदानावर टेप लावून पन्नास मीटरला प्रत्येकाची किती पावलं पडतात ते काढलं. हा टप्पा गाळू नका. उंच मुलगा आणि बुटकी मुलगी यांच्या पावलांत बराच फरक असतो, आणि तो धरला नाही तर एकाच गल्लीची दोन टोकं जुळत नाहीत. प्रमाण १:२००० ठेवलं. वीस मीटरला एक सेंटिमीटर, तोंडी हिशेब करता येतो.

८ जुलै

घरांची नोंद. गट पाडून गल्ल्या वाटून दिल्या. प्रत्येक घरासाठी एक खूण आणि छपराचा रंग : धाबं, कौल, पत्रा, स्लॅब. घरात शिरायचं नाही, नाव विचारायचं नाही, रस्त्यावरून दिसेल तेवढंच.

या एका छपराच्या रकान्याने सगळ्यात जास्त दिलं. गावठाणाच्या मध्यात, जुन्या गढीच्या भोवती धाब्याची घरं दाटीवाटीने. महामार्गाच्या दोन्ही अंगांना स्लॅब, एका रांगेत. भिलाटीत पत्रा. पुस्तकातली केंद्रित वस्ती आणि रेषाकृती वस्ती एकाच गावात निघाल्या. मुलांनी स्वतःच विचारलं की रस्त्याकडे घरं कधी सरकली. ते घरी जाऊन आजोबांना विचारा म्हटलं. सुरत-धुळे-नागपूर रस्ता रुंद होत गेला तसतशी दुकानं तिकडे गेली आणि दुकानांमागे घरं गेली, असं बहुतेकांनी सांगितलं.

पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाचा प्रश्न याहून मोलाचा. तो म्हणाला, आमच्याकडे एकही धाबं नाही, सगळी उतरती कौलं. का? उत्तर लगेच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मामाच्या गावचं छप्पर लिहून आणलं आणि ते तालुक्याच्या नकाशावर रंगवलं. धुळ्याच्या बाजूला मातीची सपाट धाबी, पिंपळनेरच्या पलीकडे घाटाकडे जावं तशी कौलं वाढत गेलेली. त्याच नकाशावर पावसाचा नकाशा ठेवला. कमी पाऊस आणि कडक ऊन असलेल्या भागात धाबं टिकतं, घर थंड ठेवतं, वर मिरची-पापड वाळवायला जागा देतं. जास्त पावसात तेच धाबं गळतं. त्या तासाला शिकवण्यासारखं फार काही उरलंच नाही.

१५ जुलै

बाजाराच्या दिवशी पाहणी. ही पूर्ण फसली. प्रश्नावली लांबलचक होती : माल कुठला, किती, भाव काय, नफा किती, शिक्षण किती, घरात माणसं किती. गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण उत्तर देणार? नफ्याच्या प्रश्नाला एका भाजीवालीने थेट विचारलं, “कसाले इचारी ऱ्हायनात भाऊ? काई कर लागाव शे का?” बरेच कागद कोरे परत आले. ज्यांवर आकडे होते ते एकमेकांशी जुळत नव्हते.

२२ जुलै

पुन्हा तोच बाजार, पण तीनच प्रश्न : कुठून आलात, काय आणलंत, कशाने आलात. मुलांनी कागद खिशात ठेवून अहिराणीत विचारायचं, पाड्यांवरच्या मुलांनी आपल्या बोलीत, आणि बाजूला येऊन लिहायचं. सकाळी लवकर, दुकान मांडतानाच्या वेळेला. या खेपेस जवळजवळ सगळ्यांनी उत्तरं दिली, वर दोघातिघांनी मुलांच्या हातावर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या.

२९ जुलै

उत्तरं नकाशावर मांडायची होती. तालुका आणि शेजारच्या तालुक्यांचा नकाशा फ्लेक्सवर चार बाय सहा फुटांचा छापून घेतला. तो थर्मोकोलवर चिकटवला आणि पावसाळी दमटपणात दोन दिवसांत वाकला. टाचण्याही पडू लागल्या. मग जुन्या पलंगाचा प्लायवूड सुताराकडून कापून आणला, त्यावर फ्लेक्स ठोकला. आमच्या बाजारापासून प्रत्येक विक्रेत्याच्या गावापर्यंत एक दोरा.

मला वाटत होतं, दोरे महामार्गाच्या दिशेने पूर्व-पश्चिम लांब जातील. गेले दक्षिणोत्तर. महामार्गावरची गावं आमच्या बाजाराला फारशी येतच नाहीत. त्यांना एसटीत किंवा काळीपिवळीत बसलं की साक्री नाहीतर धुळं. आमचा बाजार चालतो तो आडवाटेच्या गावांवर, जिथे दिवसातून मोजक्या गाड्या येतात. मुलांना ही गोष्ट त्यांच्याच दोऱ्यांनी दाखवली, त्यामुळे वाहतुकीचा पाठ आणि व्यापाराचा पाठ वेगळे घ्यावे लागले नाहीत.

दुसरं निरीक्षण एका मुलीचं. बांगड्या, भांडी आणि कटलरीवाल्यांनी “कुठून आलात”ला कालच्या बाजाराचं नाव सांगितलं होतं, घरच्या गावाचं नाही. तिने त्यांना पुन्हा गाठून आठवड्याचे सगळे बाजार विचारले आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने त्यांची फेरी जोडली. एका गावात रोजचं गिऱ्हाईक पुरत नाही म्हणून दुकानच गावोगाव फिरतं, हे तिच्या दोऱ्यावरून दिसलं. व्यापाराच्या पाठात आठवडे बाजाराच्या फेरीला एवढी जागा नाही. आम्ही तिला पूर्ण तास दिला.

४ ऑगस्ट

काल रविवारी कानबाईच्या सणाचे रोट होते. आज वर्ग अर्धा, त्यामुळे नवं काही नाही. हजर मुलांकडून जनगणनेचे आकडे वापरून क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे घनतेच्या गटानुसार जिल्हे रंगवलेला नकाशा, करून घेतला. २०११ ची लोकसंख्येची घनता, दर चौरस किलोमीटरला : जळगाव ३६०, धुळे २८५, नंदुरबार २७७. नेहमीचे पन्नास-शंभरचे गट पाडले तर धुळे आणि नंदुरबार एकाच रंगात येतात. मुलांनी नकाशावरून लिहिलं की दोन्हीकडे माणसं सारखीच दाट. नंदुरबारमधलं तळोदा-शहादा भागातलं तापीचं खोरं आणि अक्राणीचे सातपुड्यातले डोंगर एकाच रंगाखाली झाकले गेले, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

यावर एकच उपाय, तालुकावार आकडे घेऊन तोच नकाशा पुन्हा करणे. दोन्ही नकाशे शेजारी लावून ठेवा. जिल्ह्याचा आकडा वाचताना आत काय दडलं असेल, हे विचारायची सवय दुसरी कुठून लागणार?

१८ ऑगस्ट

फडाचा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून करायच्या शेतीचा, दिवस. यासाठी दोन तासिका आणि मधली सुट्टी जोडून घेतली. पांझरेवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. आमच्या गावाजवळचा त्यांतलाच एक. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाणी उताराने आपोआप शेतात जातं. त्याखालची जमीन, म्हणजे थळ, तीन किंवा चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात सगळ्यांचं एकच पीक : यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू किंवा हरभरा, पुढच्या वर्षी पालट.

गावनकाशा इथे कामाला आला. मुलांनी आपापल्या कुटुंबाचे गट नंबर रंगवले, तेव्हा एकाच घराच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले दिसले. पहिली प्रतिक्रिया अशी की वाटण्या होऊन जमीन अशी फुटली असणार. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण ज्यांच्या घरात पाटकरीपण होतं त्या आबांनी बंधाऱ्यावर उभं राहून दुसरं कारण सांगितलं. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असेल तर तोटाही सगळ्यांना सारखा बसतो. “वावर ज्यानं त्यानं, पानी सगळासनं,” म्हणजे शेत ज्याचं त्याचं, पाणी सगळ्यांचं, असं ते म्हणाले. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि त्यांचा मोबदला धान्याच्या रूपात. कुणी आधी कुणी नंतर, हे पंच ठरवणार.

हे मोडलं कसं, हेही विचारून घेतलं. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचा पावसाळ्यानंतरचा प्रवाह आटला. विहिरी आणि विजेचे पंप आले, तसा ज्याला त्याला हवं ते पीक घेता येऊ लागलं. उसाचा फड गेला, गावातलं गुऱ्हाळ बंद पडलं. आबांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा हिशेब जास्त होता.

वेळेचं गणित चुकलं ते इथे. मुलं बंधाऱ्यावर रमली, शाळेत परतायला उशीर झाला आणि पाड्यांवरच्या मुलांची एसटी चुकली. त्यांना घरी पोचवायला गाडी करावी लागली. क्षेत्रभेटीचा दिवस ठरवताना आधी शेवटच्या एसटीची वेळ विचारा, मग बाकीचं.

९ सप्टेंबर

स्थलांतराला हात घातला आणि अडलो. “घरातलं कुणी बाहेरगावी कामाला आहे का, कुठे, किती दिवस” असा तक्ता घरी भरायला दिला. भिलाटीतल्या मुलांचे तक्ते जवळजवळ कोरे आले. एका पालकांनी शाळेत येऊन विचारलं की हे कागद ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडे जाणार का. ऊसतोडीला जाणं उचलीशी जोडलेलं आहे. पावसाळ्यात आगाऊ घेतलेले पैसे हंगामात फेडायचे असतात. कोण कुठे जातं हे लिहून देणं म्हणजे कर्ज लिहून देणं. तक्ते मुलांसमोरच फाडून टाकले आणि तसं पालकांना कळवलं.

१६ सप्टेंबर

कागद बाजूला ठेवून मडकी आणली. कुंभाराकडची अरुंद तोंडाची, आतलं न दिसणारी. प्रत्येकावर एक चित्र : कापडाचा ताका म्हणजे सुरत, ऊस म्हणजे तोड, उंच इमारत म्हणजे नाशिक-पुणे-मुंबई, द्राक्षाचा घड म्हणजे नाशिककडची बागाईत मजुरी. मडकी पडद्यामागे. मुलांनी एकेकट्याने जाऊन घरातल्या बाहेर जाणाऱ्या दर माणसामागे एक चिंचोका टाकायचा. नाव नाही, अक्षर नाही.

मडकी ओतली तेव्हा सुरतेचा ढीग सगळ्यात मोठा होता, त्याखालोखाल उसाचा. गावातल्या मुलांना धक्का बसला, कारण ते समजत होते की बाहेर जाणारे फक्त भिलाटीतले. सुरतेला जाणारे सगळ्या आळ्यांतले होते. सुरतच का, यावर तास चांगला रंगला. धुळ्याहून सुरत मुंबईपेक्षा जवळ, महामार्ग थेट जातो, नंदुरबार-दोंडाईचावरून तापी खोऱ्याची रेल्वे आहे, यंत्रमागाला आणि रंगाईला माणूस लागतो, आणि तिथे आधीच आपला कुणीतरी मामा-काका खोली करून राहिलेला असतो. शेवटचं कारण मुलांनी सर्वांत वर लिहिलं. मलाही ते पटलं.

२३ सप्टेंबर

मडक्यांच्या वेळी एका मुलीने विचारलं, “सर, माझी आई सटाण्याकडून इथे आली. तिचा चिंचोका कुठे टाकू?” तिच्यासाठी मडकंच नव्हतं. खरं पाहता भारतात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे, जनगणना तेच सांगते. ती आमच्या मांडणीतून पूर्ण निसटली होती.

म्हणून हा आठवडा माहेरच्या नकाशाला दिला. फ्लेक्सवर लाल दोरा : गावापासून आईच्या माहेरापर्यंत. आई घरी नसेल तर आजीच्या. ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, प्रत्येक घर सारखं नसतं. लाल दोरे आखूड निघाले. साक्री, धुळे, बागलाण, मालेगाव, नवापूर यांच्या आतच. कामाचे निळे दोरे लांब, आणि बहुतेक पश्चिमेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची वाट आणि पोटासाठी जायची वाट एकाच फळ्यावर दिसू लागल्या. पालकसभेला आलेल्या आया बराच वेळ या नकाशासमोर उभ्या होत्या. आपल्या माहेरच्या गावावर बोट ठेवून एकमेकींना दाखवत होत्या. शाळेच्या कुठल्याही कागदावर ते नाव याआधी आलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. प्रथम सत्रात माणसांचे पाठ पूर्ण बसले नाहीत; पर्यटन राहिला, तो जाऊ दे. नागरीकरण झालं हे महत्त्वाचं.

जाणाऱ्या मुलांसाठी घडीचं कार्ड तयार केलं. जाड कागद, प्लॅस्टिकचं पाकीट, दोरीत ओवलेली पेन्सिल. रकाने : कोणत्या गावांवरून गेलो, कोणत्या नद्या ओलांडल्या, मुक्काम कुठे, पाणी कुठून आणतो, आजूबाजूला कोणती पिकं, कोणती भाषा ऐकू येते, भाकरी कशाची. हे शाळेचं काम आहे, त्याचे गुण मिळणार, असं पालकांना सांगितलं. गुणांचं सांगितल्यावर कार्डं जपून नेली गेली.

१२ डिसेंबर

दोन कार्डांचे फोटो मुकादमाच्या फोनवरून आले, दोन्ही दक्षिण गुजरातमधल्या बारडोलीच्या बाजूचे. एकावर पाण्याच्या रकान्यात “कालवा, उकाईचा” असं लिहिलेलं. ते वर्गात वाचलं आणि फ्लेक्सवर नदी धरून बोट फिरवायला लावलं. पांझरा आमच्याकडून पूर्वेला धुळ्याकडे जाते, उत्तरेला वळून तापीला मिळते, तापी पुन्हा पश्चिमेला जाऊन उकाईच्या जलाशयात भरते, आणि तिथून कालव्याने दक्षिण गुजरातच्या उसाला पाणी जातं. उकाई धरण १९७२ चं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे ऊस आपल्या फडातून गेला आणि आपल्याच नदीच्या पाण्यावर तिकडे उभा आहे, आणि आपली माणसं तो तोडायला गेलीत.” हे वाक्य मी कुठल्याही टाचणात लिहिलं नव्हतं. ऑगस्टमधला फडाचा दिवस आणि सप्टेंबरची मडकी नसती तर ते त्यालाही सुचलं नसतं. धरणाच्या पाण्याखाली नवापूर भागातली गावं गेली, तीही पुढच्या तासाला नकाशावर दाखवली. नर्मदेच्या सरदार सरोवरात गेलेली अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं त्याच ओघात आली.

१० जानेवारी

खर्च. फ्लेक्स, ए-थ्री छपाई, ट्रेसिंग पेपर, दोरे-टाचण्या, मडकी, कार्डं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. प्लायवूड फुकट, सुताराने मजुरी घेतली नाही. एसटी चुकल्यावर केलेल्या गाडीचं भाडं सगळ्यात मोठा एकच खर्च. शाळेच्या निधीतून निम्मं मिळालं, बाकी आम्ही शिक्षकांनी वाटून घेतलं. वेळेचं म्हणाल तर नकाशा मिळवण्यात आणि फसलेल्या प्रश्नावलीत मिळून जून-जुलैचे दोन आठवडे गेले. भूरूपांचे पाठ आता घाईने चालले आहेत आणि सागरजलाला न्याय मिळणार नाही, हे दिसतंय.

२८ मार्च

परत आलेल्या मुलांची कार्डं हाती आली. काही भिजलेली, एक हरवलेलं. सगळे मात्र परतलेले नाहीत. दोघांच्या घरून निरोप आला की ती यंदा शाळेत येणार नाहीत. त्यांच्या घरी जाऊन बोलणं चालू आहे. आलेल्यांची तोंडी परीक्षा कार्डावरच घेतली. उत्तरं चांगली, विशेषतः नद्यांची.

कार्डात एक गोष्ट कुठेच नाही : मुक्कामाजवळची शाळा. तसा रकानाच ठेवलेला नव्हता. विचारल्यावर एक जण म्हणाला, शाळा होती, गुजरातीची, अर्ध्या तासाच्या चालीवर. जूनमध्ये कार्ड छापताना तो रकाना घालायचा आहे, आणि शाळेचं नाव व शिक्षकांचा फोन नंबर लिहायला जागाही. दिवाळीनंतर पहिला फोन तिथे लावता येईल.